घरी गेलेलं पान

३ जुलै

भिंगरीच्या आजी,

नमस्कार. आपली ओळख नाही, म्हणून आधी सांगते: मी नगरपालिकेच्या बालवर्गाची बाई. तुमची नात जूनपासून माझ्या वर्गात आहे. पहिल्याच दिवशी ती वर्गभर इतकी गरगर फिरली की मदतनीस मावशींनी तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि आता ती दुसऱ्या नावाला ओ देत नाही.

आमच्याकडे मूल सकाळी सोडलं आणि दुपारी नेलं की घरच्यांचं काम संपलं, असं नसतं. पंधरा दिवसांतून एकदा घरातल्या एका मोठ्या माणसाने सकाळभर वर्गात बसायचं. त्याला आम्ही 'घरची सकाळ' म्हणतो. शिवाय प्रत्येक मुलाचं एक 'लांबचं माणूस' असतं, म्हणजे दुसऱ्या गावी राहणारं पण मुलावर जीव असणारं. त्या माणसाला मी अधूनमधून पत्र लिहिते. भिंगरीच्या आईने अर्जात तुमचं नाव दिलं आहे.

सोबत तिचं पान पाठवते. दर शुक्रवारी मुलं पेन्सिलीने चित्र काढतात आणि चित्राबद्दल जे बोलतात ते मी खाली लिहून घेते. मुलाचा एक शब्दही बदलायचा नाही, हा नियम. पानाखाली कार्बन असतो. वरचं पान त्याच दिवशी दप्तरातून घरी जातं, घरच्यांनी ते भिंतीवर लावायचं. खालची निळी प्रत तुमच्यासाठी. भिंगरी म्हणाली: 'हे आमचं दार. दार दोनदा मोडलं. बाबांनी दोनदा जोडलं. बाबांना सगळं जोडता येतं.' वडिलांचा केवढा अभिमान आहे बघा!

आणि तो का असू नये? तुमचे चिरंजीव वेल्डर आहेत हे कळल्यावर मी भीतभीतच आमच्या घसरगुंडीचा विषय काढला. दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन हजर! शिडी नव्याने जोडून दिली, वर मुलांना दोन गोष्टी वाचून दाखवल्या. एरवी वडीलमंडळी इथे फिरकत नाहीत. मी त्यांना 'आदर्श पालक' म्हणून सही-शिक्क्याचं प्रशस्तिपत्रक दिलं आहे.

सूनबाईंबद्दल मात्र थोडं लिहायला हवं. घरच्या सकाळीला त्या एकदाही आल्या नाहीत, त्यांच्या वाट्याच्या सकाळीही तुमचे चिरंजीवच येतात. कधी सोडायला-न्यायला आल्याच तर दाराशी खाली मान घालून उभ्या. आईलाच गोडी नसेल तर मुलाचं कसं व्हायचं? तुम्ही वडीलकीच्या नात्याने दोन शब्द सांगितलेत तर बरं होईल.

तुमच्या नातीची,
बाई


१४ जुलै

बाई,

तुमचं पत्र दुकानात मिळालं. हात रक्ताने भरलेले होते, त्याच हातांनी घेतलं, तर पोस्टमन सही न घेताच पळाला. माझं मटणाचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून सोळा वर्षं सुरा मीच चालवते. फोनच्या फंदात पडू नका. डावा कान ठार बहिरा आहे आणि उजवा माझ्या सोयीने चालतो.

मुलाचं कौतुक वाचून मूठभर मांस चढलं. पहिल्यापासून हाताचा चलाख. आठ वर्षांचा असताना त्याने दुकानाचा तराजू मोडला. मी त्याला चांगला बदडला, तर संध्याकाळपर्यंत पठ्ठ्याने तराजू जोडून ठेवला. मार खाल्ल्याशिवाय पोर वळणावर येत नाही, असं माझं मत. भिंगरी फारच फिरायला लागली तर एक चापट द्या. माझी परवानगी आहे असं समजा.

सुनेने माझं नाव लिहिलं याचं नवल वाटलं. लग्नाला सहा वर्षं झाली, माझ्याशी सहा वाक्यं बोलली असेल. आईबाप लहानपणीच गेले, माहेर असं नाही, म्हणून माझं लिहिलं असेल. इतकी मिळमिळीत बाई मला सोसत नाही. मी तिला दोन शब्द सांगेन, पण ती 'हो' म्हणेल आणि तिथेच उभी राहील.

एक विचारायचं होतं. दार दोनदा मोडलं ते कसं? जाऊ द्या, विचारू नका. दारं मोडतातच.

भिंगरीची आजी


९ ऑगस्ट

आजी,

हे पत्र नेहमीसारखं नाही. आधी फाडलं, परत लिहिलं.

वर्गात बाहुल्यांचा कोपरा आहे. तीन आठवड्यांपूर्वी भिंगरीने कापडी बाहुली भिंतीकडे तोंड करून बसवली आणि लाकडी डावाने मारायला लागली. उसवून कापूस बाहेर आला तरी थांबेना. प्रत्येक फटक्याला एकच वाक्य: 'बोल, कोणाशी बोललीस? बोल.' एका मुलाने डाव ओढून घ्यायला हात घातला तर त्याच्या दंडाला अशी कडकडून चावली की दोन टाके पडले.

मी तिच्या वडिलांना बोलावून सगळं सांगितलं, अगदी ते वाक्यसुद्धा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागून आले. मला म्हणाले, 'बाई, तुम्ही निश्चिंत राहा, घरी बघतो.' त्यानंतर भिंगरी पाच दिवस आली नाही. सहाव्या दिवशी आली ती इतक्या उकाड्यात लांब बाह्यांचा झगा घालून. बरं नव्हतं का, असं विचारलं तर म्हणाली, 'मी शहाणी झाले.'

मग मी घरभेटीला गेले. आठ दिवस आधी चिठ्ठी पाठवून जायचं असतं, तशी ती पाठवूनच गेले. घर लख्ख. भिंगरीची सगळी पानं भिंतीवर एका ओळीत, दोऱ्याने मापून लावावीत तशी. सूनबाईंचा मनगटापासून कोपरापर्यंत हात प्लास्टरमध्ये. मी विचारलं त्यांना, उत्तर दिलं तुमच्या मुलाने: 'बाथरूममध्ये घसरली.' आतल्या खोलीला नवं लोखंडी दार आहे, त्याला कडी बाहेरून. माझी नजर गेलेली बघून ते हसले. 'पोरीचा हात अवजारांना लागू नये म्हणून.'

चहा घेऊन, आभार मानून मी निघाले. बस थांब्यावर उभी असताना लक्षात आलं की अवजारं पुढच्या खोलीत होती, मी त्यांच्या शेजारीच बसले होते.

आमच्या पर्यवेक्षिकाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, घरभेट विश्वास मिळवायला असते, संशय घ्यायला नाही, आणि तेही अशा पालकावर! त्यांचंही चुकत नसेल. पण ती कडी बाहेरून होती. आजी, तुम्ही त्यांच्या आई आहात. ते लहानपणी कसे होते?

बाई


१४ ऑगस्ट

बाई,

कडी बाहेरून आहे, इथपर्यंत वाचलं आणि सुरा खाली ठेवला. गिऱ्हाईक ताटकळत होतं, त्याला जा म्हटलं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, पण निम्मंच लिहिलं. माझ्या नवऱ्याने मला एकोणीस वर्षं मारलं. हाताने, पट्ट्याने, सुऱ्याला धार लावायच्या कानशीने. डावा कान त्या कानशीनेच गेला. दुकानामागे मांस टांगायची थंड खोली आहे. तिलाही कडी बाहेरूनच. सोललेल्या बकऱ्यांमध्ये मला कोंडून तो पुढे दुकान चालवायचा. दात वाजू नयेत म्हणून मी पदर तोंडात कोंबायचे, कारण आवाज झाला की अजून मार. पोरगा बाहेरून कडीशी धडपडायचा, त्याचा हात पुरायचा नाही. पुढे हात पुरायला लागला, तरी तो कडी काढेनासा झाला. बापाशेजारी उभा राहून वजनं लावायचा. तेव्हाच मला उमजायला हवं होतं.

हेही निम्मंच झालं. पुरं लिहिते. नवरा मला मारायचा आणि मी पोराला मारायचे. बाहेर आले की दिसेल त्या कारणाने. तराजूचं मी तुम्हाला हसत लिहिलं ना, त्या दिवशी मी त्याचं डोकं खाटकाच्या ओंडक्यावर आपटलं होतं. ओंडक्यावर त्याचं रक्त कुठलं आणि बकऱ्याचं कुठलं ते कळत नव्हतं. त्याने तराजू जोडला तो अजून मार नको म्हणून.

'बोल, कोणाशी बोललीस' हे माझ्या नवऱ्याचं वाक्य आहे, बाई. शब्दन्‌शब्द. तो मेला तेव्हा भिंगरी जन्मालाही आली नव्हती. मग ती हे कुठून शिकली, ते तुम्हीच ओळखा.

आता काय करायचं ते ऐका. त्याला पुन्हा काहीएक सांगू नका. तुम्ही त्याला सांगितलंत आणि पोर पाच दिवस घरात राहिली, त्या पाच दिवसांत काय झालं असेल ते मला इथे बसून दिसतंय. पुढची घरची सकाळ सुनेच्या नावावर लावा. तो येतो म्हणाला तर सांगा, वरून हुकूम आला आहे, आईच पाहिजे. ती एकटी आली की तिला म्हणा, निघ. माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि सुरा माझ्या हातात असतो. कुणाला सांगू नका, तुमच्या मावशींनाही नाही. तो 'मावशी, मावशी' करून दोन मिनिटांत त्यांच्याकडून सगळं काढून घेईल.

मी तिला मिळमिळीत म्हटलं. ते वाक्य खोडायचं आहे, पण पत्र तुमच्याकडे आहे. तुम्हीच खोडा.

आजी


२४ ऑगस्ट

आजी,

वाक्य खोडलं.

त्या आल्या होत्या. वरच्या हुकमाचं कारण चाललं. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर तासभर बसल्या. मुलं अंगणात गेल्यावर मी तुमचा निरोप सांगितला. त्यांनी धड हाताची बाही वर केली. दंडापासून खाली वेल्डिंगच्या तापलेल्या सळीचे डाग, सात. शेवटचा ओला होता. म्हणाल्या, मी गप्प बसले की एक आणि बोलले की एक. भिंगरीच्या दंडावर अजून एकच आहे, चावल्याच्या दिवसाचा.

म्हणजे मी तक्रार केली त्या दिवसाचा. 

तुमचा पत्ता द्यायला लागले तर म्हणाल्या, पाठ आहे. अर्जात त्यांनी तुमचं नाव मुद्दाम लिहिलं होतं. 'सासूबाईंचा कान कशाने गेला ते मला लग्नातच कळलं होतं, त्या ओळखतील.' आणि मी तुम्हाला लिहिलं की आईला गोडी नाही!

पुढची घरची सकाळ सोमवारी, ५ सप्टेंबरला. ते आठला कामावर जातात. ह्या दोघी नऊला नेहमीसारख्या वर्गात येतील, मी त्यांना मागच्या दाराने स्टँडवर नेईन. साडेनऊची बस आहे. मावशींना यातलं काहीच माहीत नाही. तोपर्यंत बारा दिवस काढायचे आहेत.

बाई


२९ ऑगस्ट

बाई,

मी स्टँडवर असेन. दुकान त्या दिवशी बंद, गिऱ्हाइकांना सांगितलं की आजारी आहे. ते हसले, कारण सोळा वर्षांत मी तापातही दुकान बंद ठेवलेलं नाही.

थंड खोलीची कडी पहारीने उखडून टाकली. इतकी वर्षं तशीच होती, नवरा गेल्यावरसुद्धा. रोज हात लावत होते आणि काढायचं कधी सुचलं नाही. आतली खोली त्या दोघींना रिकामी केली आहे. भिंगरीला किती लागतं खायला? माझ्याकडे हाडं खूप, दूध कमी.

सुनेला सांगा, ती माझ्याशी बोलली नाही तरी चालेल.

आजी


२६ सप्टेंबर

आजी,

तुम्ही दोघींना घेऊन गेलात त्याला आठ दिवस झाले. दवाखान्यात माझ्या कपाळावरचे टाके बघून तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, 'माझ्या नातीसाठी तुम्ही मार खाल्लात.' मी तुमचा हात तसाच राहू दिला. त्यावर माझा हक्क नव्हता. समोर बोलायचं धैर्य झालं नाही, म्हणून लिहिते.

पान माझ्याकडून गेलं.

शुक्रवारी, २ तारखेला भिंगरीने बस काढली. मी पेन्सिल घेऊन शेजारी बसले. ती म्हणाली: 'ही बस. मी आणि आई सोमवारी आजीकडे जाणार. बाबांना सांगायचं नाही.' अकरा वर्षं मी हेच काम करते. मूल बोलतं आणि माझा हात लिहितो. शेवटचा शब्द लिहून झाला तेव्हा मला कळलं की मी काय लिहिलं. वरचं पान ओढून काढलं, चुरगाळून पर्समध्ये टाकलं. तिला दुसरं चित्र काढायला लावणार, एवढ्यात अंगणात एक मूल पडलं म्हणून धावले.

मी परत येईपर्यंत मावशींनी दप्तरं भरली होती. एकही मूल शुक्रवारी रिकाम्या हाताने घरी जाता कामा नये, हे मीच त्यांना शिकवलं आहे. भिंगरीचं वरचं पान सापडेना, म्हणून त्यांनी खालची निळी प्रत घातली. मावशींना वाचता येत नाही. त्यांना बसचं चित्र दिसलं. आणि मी कार्बन विसरले. घरी गेल्यावर पर्समधलं पान जाळलं आणि आपण किती सावध, असं वाटून झोपलेसुद्धा.

पुढचं सूनबाईंनी पोलिसांना कागदावर लिहून दिलं, जबडा तारांनी बांधलेला होता म्हणून. त्याने पान वाचलं. आधी ते इतर पानांच्या ओळीत भिंतीवर नीट चिकटवलं. भिंगरीला आतल्या खोलीत घालून कडी लावली. मग हातोडी घेतली. पहिला घाव जबड्यावर, ओरडता येऊ नये म्हणून. तीन बरगड्या. प्लास्टरमधला हात प्लास्टरसकट, पुन्हा त्याच जागी. प्रत्येक घावाला ते वाक्य. जबडा मोडलेल्या बाईला तो 'बोल' म्हणत होता. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा तो मागून पळाला. भिंगरी आतून सगळं ऐकत होती.

सोमवारचं तुम्हाला अर्धवट ठाऊक आहे. आई दवाखान्यात, म्हणून भिंगरी मावशींच्या घरी होती आणि तिथून वर्गात आली. दहाला तो आला. अंघोळ केलेला, इस्त्रीचा सदरा, हात जोडून. 'बाई, पोरीला न्यायला आलोय.' मी दारात उभी राहिले आणि नाही म्हटलं. तो शांतपणे घसरगुंडीकडे गेला. कुठला सांधा कच्चा ठेवला आहे ते त्याला माहीत होतं. दोन हिसक्यांत शिडीची सळई निघाली. पहिला फटका मावशींच्या खांद्यावर, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा माझ्या कपाळावर. डोळ्यांत रक्त गेलं. मुलं टेबलाखाली किंचाळत होती. तिसरा फटका टेबलावरच बसला आणि फळी मधोमध चिरली, खाली चार मुलं होती.

ज्याला भिंगरी चावली होती त्या मुलाच्या वडिलांची त्या दिवशी घरची सकाळ होती. हमाल आहेत. त्यांनी मागून त्याला कवळ घातली आणि खाली पाडलं. आणखी एक आई त्याच्या हातावर पायाने उभी राहिली. पोलीस येईपर्यंत ती दोघं उठली नाहीत. त्या हमालभाऊंचे दोन दात पडले.

आता १० ऑक्टोबरला जामिनाची सुनावणी आहे. त्याच्या वकिलाने माझं प्रशस्तिपत्रक कोर्टात दाखल केलं आहे. 'आदर्श पालक', खाली माझी सही. मी उभी राहून सांगणार आहे की ते चूक होतं, आणि पानाचंही सांगणार आहे. पोलीस अधिकारी विचारतात, त्याची आई बोलेल का? मी तुम्हाला बोला म्हणत नाही. तो तुमचा मुलगा आहे.

बाई


२१ नोव्हेंबर

बाई,

दोन महिने उत्तर दिलं नाही. कोर्टात एका बाकावर बसूनही तुमच्याशी बोलले नाही, ते काही बहिरा कान तुमच्या बाजूला होता म्हणून नव्हे. तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी तुम्ही समोर असतात तर मी तुमचं काय केलं असतं ते लिहिता येत नाही.

चूक तुमची आहे. नाही असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हालाही ते चालणार नाही. पण मावशींना सांगू नका हा हुकूम माझा होता. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी ते पान खाऊन टाकलं असतं, अशा आहेत त्या. तेव्हा निम्मी माझ्याकडे टाका. मावशींचा खांदा कसा आहे ते कळवा.

कोर्टात मी बोलले ते तुम्ही ऐकलंत. 'याला सोडलंत तर हा तिला मारून टाकील, आणि मारायला याला आम्ही दोघांनी शिकवलं, मी आणि याच्या बापाने.' एवढं बोलायला मला तीनदा पाणी प्यावं लागलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला जन्म दिला, बाई. जामीन नाकारल्यावर तुम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मी कोर्टाच्या संडासात जाऊन डोकं भिंतीवर आपटून घेतलं.

हे सगळं लिहायचं नव्हतं. परवा जे झालं ते सांगायला बसले आहे आणि उगाच लांबण लावते आहे.

परवा मी भिंगरीला मारलं.

दुकानात गर्दी होती. मी वजन करायला वळले आणि तेवढ्यात तिने सत्तूर खाली ओढला. तिच्या पायापासून चार बोटांवर पडला. पायाची बोटं गेलीच होती. मी घाबरले आणि घाबरल्याबरोबर माझा हात उठला. एक चापट अशी बसली की ती ओंडक्यावर जाऊन आदळली. ओठ फुटला. आणि मी थांबले नाही. दुसऱ्यांदा हात वर गेला, तोंडाने 'बोल, पुन्हा हात लावशील? बोल,' असं म्हणत होते. माझ्याच कानाने ऐकलं, चालणाऱ्या कानाने. पोर रडली नाही. दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसली.

सून मागे सुऱ्यांची पाती धुवत होती. जबड्याच्या तारा निघून आठ दिवस झालेत, अजून पेज पिते, आणि आल्यापासून मानेनेच हो-नाही करत होती. ती मध्ये आली आणि तिने माझं मनगट धरलं. धड असलेल्या हाताने. म्हणाली, 'आई, पुन्हा हिच्यावर हात उचललात तर मी हिला घेऊन जाईन. कुठे ते मला माहीत नाही. पण जाईन.' जबडा नीट उघडत नाही, शब्द निम्मे दातांतच राहिले, तरी सगळी गिऱ्हाइकं ऐकत उभी होती.

 माझं हे मनगट बकरं एका दमात खाली दाबतं, तिला झटकून टाकायला कितीसा जोर लागला असता? तुमच्यापासून काय लपवू, ते माझ्या मनात येऊन गेलं. अंगातलं सगळं रक्त त्या मनगटात गोळा झालं होतं. मग मी हात खाली घेतला. त्याला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही.

दुकान बंद केलं. तिची माफी मागितली, मग खाली बसून पोरीची मागितली. आयुष्यात कधी मागितली नव्हती, कशी मागतात तेही माहीत नव्हतं, त्यामुळे फार वाईट मागितली.  सुनेने आत जाऊन पिशवी भरली: दोघींचे कपडे, दवाखान्याचे कागद, भिंगरीची पाण्याची बाटली. मी दारातून बघत होते. राहा म्हणायला तोंड नव्हतं. ती जाते आहे असं वाटून मी दाराची चौकट घट्ट धरली, आणि खरं सांगू का, आत कुठेतरी बरंही वाटलं. त्या थंड खोलीतून बाहेर येऊन मी एकदा तरी पोराला उचलून अशी पिशवी भरली असती, तर आज तो कुठे असता?

गेली नाही. अजून दोघी इथेच आहेत. भिंगरी माझ्यापासून दोन हात लांब बसून जेवते, मी जवळ ये म्हणत नाही. पिशवी सुनेने भरलेलीच दारापाशी ठेवली आहे. दुकानात जाता-येता ती पिशवी मध्ये येते. मी तिला वळसा घालून जाते, हलवत नाही.

आजी